काचेला टेकलेली करंगळी

कल्पना करा, तुम्हाला काच कापणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायची आहे. काचेशी तुमचा संबंध काय, तर हातून ग्लास निसटला की केरसुणी शोधायची, एवढाच. आता त्या माणसाला टेबलापाशी उभं करा. त्याच्या उजव्या हातात काय आहे? ते तो कसं धरतो, पेनासारखं की चमच्यासारखं? डावा हात कुठे आहे? इथवर जमलं असेल तर पुढचा प्रश्न. काच नीट कापली जातेय, हे त्याला कशावरून कळतं? तुम्ही ‘बघून’ असं लिहिलंत, तर तुमचा माणूस पहिल्याच पानावर खोटा ठरला.

मग तुम्ही एखाद्या खऱ्या काचवाल्याला गाठाल. त्याच्या दुकानात स्टूल ओढून बसाल, प्रश्न विचाराल, त्याच्या हातांकडे टक लावून बघाल. तुमच्या मनात काही पाप नसेल. पण ज्याच्याकडे असं बघायचं, त्याला काय वाटत असेल?

आरसेबुवांना वाटत होतं, की सून आपल्यावर पाळत ठेवतेय.

आरसेबुवा हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता बायकोलासुद्धा पटकन आठवलं नसतं, कारण ती त्यांना ‘अहो’ म्हणायची आणि बाकी सगळी गल्ली आरसेबुवा. लाँड्रीच्या शेजारचं त्यांचं दुकान दाराबाहेर टेकवलेल्या आरशांवरून ओळखू यायचं. येणारी-जाणारी माणसं तिथे थांबून केस सारखे करायची, दातात काही अडकलंय का बघायची. बुवा आतून ओरडायचे, “पुरे आता, तोंड तेच आहे!”

आत मधोमध मोठं टेबल, त्यावर ताणून बसवलेलं जुनं ब्लँकेट. भिंतीला टेकून काचांचे मोठे ताव उभे. खिळ्याला लाकडी पट्टी, काटकोन बघायचा गुण्या आणि रॉकेलची छोटी बाटली. काच कापायच्या हत्याराला बुवा हिरा म्हणत. त्यात हिरा वगैरे काही नव्हता. पेनाएवढी दांडी आणि टोकाला मसूरडाळीएवढी पोलादी चकती. पण त्यांच्या वडिलांनी हिरा म्हटलं म्हणून त्यांनीही म्हटलं.

हिरा काच कापत नाही. तो काचेवर फक्त रेघ ओढतो. मग टेबलाच्या कडेवर दाब दिला, की काच आपण होऊन त्या रेघेवर सुटते. पण रेघ टोकापासून टोकापर्यंत अखंड हवी. कुठे हात हलका पडला, की तिथून काच वाट फुटेल तिकडे जाते. आणि एकदा मारलेल्या रेघेवर पुन्हा हिरा फिरवता येत नाही. जे काही व्हायचं, ते एका दमात. त्या दमात डोळ्यांचा उपयोग नसतो, कारण रेघ केसाहून बारीक. उपयोग असतो तो कानांचा. रेघ नीट पडत असली, की रेशीम फाडल्यासारखा बारीक ‘सुर्रर्र’ असा आवाज येतो. आवाज तुटला म्हणजे रेघ तुटली. बुवा मान वर करून सरळ दाराबाहेर बघत रेघ मारायचे. गिऱ्हाइकं थक्क व्हायची. बुवा फक्त ऐकत असायचे.

आणि एक दिवस रेघ मुकी झाली.

आधी त्यांनी हिऱ्याला दोष दिला. नवा आणला, तोही मुका. मग रॉकेल बदललं. मग काचेच्या कारखान्याला शिव्या घालून झाल्या. एका सकाळी त्यांचा मुलगा त्याच टेबलावर तोच नवा हिरा चालवत होता. रेघ संपवून तो म्हणाला, “बाबा, केवढा ओरडतो हो हा हिरा!”

बुवांना काहीही ऐकू आलं नव्हतं.

“हं,” ते म्हणाले. “जरा कडकच आहे.”

तेव्हापासून हे गुपित त्यांनी पोटात ठेवलं होतं. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, म्हणजे बरंचसं यायचं. बारीक आवाज तेवढे गेले होते. दाराची बेल गेली, कुकरची शिट्टी गेली, आणि रेघ गेली. पहिल्या दोन गोष्टींवाचून त्यांचं काही अडत नव्हतं. तिसरीवाचून ते कोण होते, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

वाट मात्र त्यांनी काढली. एकदा वाकून रेघ मारताना, पट्टी दाबून धरलेल्या डाव्या हाताची करंगळी घसरून काचेला टेकली. आणि ती रेघ करंगळीतून चालत वर आली! बोटावरून मुंगी जावी, तशी. मुंगी थांबली की रेघ तुटली. त्या दिवशी बुवा इतके खूश होते, की एका गिऱ्हाइकाला त्यांनी आपण होऊन “या, बसा” म्हटलं.

पण करंगळी काचेवर गेली, की पट्टीवरची पकड सैल होते. लहान काचेला चालून जातं. मागे दाराएवढी एक काच कापताना पट्टी जराशी हलली आणि काच अर्ध्यातून तिरकी गेली. “माल खराब,” बुवा म्हणाले. मुलाने तो तिरका तुकडा उचलला, उजेडात धरला, उलटा-सुलटा करून बघितला आणि काही न बोलता ठेवून दिला. न बोलता ठेवून दिला, तेच बुवांना खुपलं. आपलाच मुलगा. बोलला असता तर भांडता आलं असतं.

त्यानंतर आठवडाभराने मुलगा सहज विचारावं तसं म्हणाला, “बाबा, तुम्ही आता काउंटरवर बसत जा ना. माणसं तुमच्याशी गप्पा मारायला येतात. टेबलाचं मी बघतो.”

काउंटरवर! म्हणजे दिवसभर ऐकायचंच काम. बुवांनी ते बोलणं ऐकूच आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाची सोय होती ती एवढीच.

अशा दिवसांत सूनबाई दुकानात येऊन बसायला लागली.

सून शिकलेली होती. पंप बनवणाऱ्या कंपनीत आराखडे काढायची. कोणता नट कुठे, किती जाडीचा, सगळं तिला तोंडपाठ. शिवाय तिला लिहायचा नाद होता. लग्न होऊन या घरात आल्यावर पहिल्या काही दिवसांतच तिने सांगून टाकलं होतं, की ती कादंबरी लिहितेय. सासूला वाटलं होतं, जाईल हे खूळ. गेलं नाही.

“बाबा, मी शनिवारी तुमच्याकडे बसू का? मला काच कापणारं माणूस लिहायचंय.”

“का? पंप कापणारी माणसं संपली?”

ती हसली. “ऑफिसातल्या मैत्रिणीला मी माझ्या गोष्टी वाचायला दिल्या होत्या. ती म्हणाली, तुझा शिंपी घे नाहीतर खलाशी घे, सगळे पंप दुरुस्त करायला निघाल्यासारखे बोलतात. खरं आहे ते. सगळी मीच असते. मला माझ्यासारखं नसलेलं माणूस लिहायचंय.”

“मग आरशांच्या दुकानात कशाला बसतेस? जिकडे बघशील तिकडे तूच दिसशील.”

तरी ती बसली. बुवांच्या मनात पाल चुकचुकली ती पहिल्याच शनिवारी. कारण ही लेखिका काही लिहूनच घेत नव्हती. हातात कागद नाही, पेन नाही. नुसती बघायची. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. आणि प्रश्न तरी कसले!

“रेघ मारताना तुम्ही श्वास रोखता की सोडता?”

“श्वास कोण मोजतो, बाई?”

“काच सुटायच्या आधी तुम्हाला कळतं का, की ही आता नीट सुटणार?”

“कळतं.”

“कशावरून?”

इथे बुवांचा हात थांबला. नेमका हाच प्रश्न? हिला कुणी शिकवून पाठवलंय का? कुणी कशाला, घरातच आहे की पाठवणारा. त्याला स्वतःला तोंड उघडून विचारवेना, म्हणून बायकोला स्टुलावर बसवलंय. कादंबरी म्हणे!

“अनुभवावरून,” ते म्हणाले आणि रॉकेलची बाटली उगाच पुसत बसले.

पण बुवाही काही कच्चे नव्हते. पुढच्या शनिवारी त्यांनी सापळा लावला.

“तुला आतली गोष्ट सांगतो,” आवाज उतरवून ते म्हणाले. “कुणाला सांगायची नाही. रेघ मारताना जीभ डाव्या गालात दाबून धरायची. नाहीतर हात उजवीकडे ओढला जातो.”

“जीभ?” सूनबाईचे डोळे मोठे झाले.

“डाव्या गालात. माझे वडीलही तसंच करायचे.”

तिने तिथल्या तिथे जीभ गालात दाबून हवेत एक रेघ मारून पाहिली. बुवांना हसू आवरेना, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. हिशेब साधा होता. ही थाप मुलाच्या तोंडून परत आली, की समजायचं, इथलं सगळं तिकडे जातंय.

बुवा वाट बघत राहिले. मुलगा जिभेबद्दल चकार शब्द बोलेना. बुवांना हायसं वाटायला हवं होतं. उलट शंका दुप्पट झाली. जीभ गालात! असली मजेदार गोष्ट बायको नवऱ्याला सांगणार नाही? म्हणजे सांगितलीच असणार, आणि दोघांनी मिळून गप्प राहायचं ठरवलेलं असणार.

घरातही सगळं बदलल्यासारखं वाटायचं. बायकोचंच बघा. जन्मभर स्वयंपाकघरातून हाका मारणारी बाई, हल्ली काही सांगायचं असलं की तरातरा चालत समोर येऊन उभी राहायची. ‘वय झालं तशी हिला अंगावर येऊन भांडायची खोड लागली,’ असं बुवांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्यातच मोठं काम आलं. चौकापलीकडे नाचाचा वर्ग निघत होता. त्यांना भिंतभर आरसे हवे होते, एकेक आरसा माणसाहून उंच. आरशांचे ताव येऊन भिंतीला लागले. सोमवारी कापायचे ठरले. कोण कापणार, हे कुणीच बोललं नाही. बुवा रोज त्या तावांकडे बघायचे. तावांत एक म्हातारा त्यांच्याकडे बघत उभा असायचा. एवढ्या लांबीला करंगळी टेकवली तर पट्टी हलणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टेकवली नाही, तर आंधळ्याने रस्ता ओलांडावा तशी रेघ जाणार. आणि यातला एक ताव जरी तिरका गेला, तर ‘माल खराब’ हे पुन्हा कुणी ऐकून घेणार नव्हतं. मग काउंटर.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर सूनबाई लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

“पहिलं प्रकरण झालंय. वाचून दाखवू? पण खरं सांगायचं हं. खोटं वाटलं तर खोटं म्हणायचं.”

सासू आडवी होती, उठून बसली. मुलगा जमिनीवर भिंतीला टेकून. बुवा खुर्चीत, तिचं तोंड नीट दिसेल असे बसलेले. ओठ दिसले, की त्यांना बरंच ऐकू यायचं.

सूनबाईने वाचायला सुरुवात केली. गोष्टीतली काच कापणारी बाई होती. विधवा, नवऱ्याचं दुकान चालवणारी, जरा खडूस.

“बाई?” बुवा मध्येच म्हणाले. “माझ्याकडे बघून बाई लिहिलीस?”

“ऐका तर, बाबा.”

“खडूस तेवढं ह्यांच्याकडून घेतलंय,” सासू म्हणाली.

ती वाचत राहिली. टेबलावरचं ब्लँकेट आलं, रॉकेलचा वास आला, बाहेरच्या आरशात दात बघणारी माणसं आली. बुवांना मान्य करावं लागलं, की मुलीने बघितलंय. मग ती बाई टेबलापाशी उभी राहिली.

“ ‘तिने हिरा उचलला. जीभ डाव्या गालात दाबली...’ ”

मुलगा खो-खो हसायला लागला. “जीभ? हे कुणी सांगितलं तुला?”

सूनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. बुवा पंख्याकडे बघत होते.

“बाबा!” ती म्हणाली. “मी तीन वेळा लिहून बघितलं हो ते!”

“अगं, हे लग्नाआधी मला म्हणाले होते, काच कापणाऱ्याला सर्दी होत नाही म्हणून,” सासू म्हणाली. “आणि लग्नाच्या दिवशीच शिंकत होते.”

सगळे हसले. बुवाही हसले, आणि मनातल्या मनात त्यांनी नोंद केली, की मुलाला जिभेचं खरंच ठाऊक नव्हतं. म्हणजे ती सांगत नव्हती. त्यांच्या छातीवरचं ओझं जरा सरकलं.

“बरं, जीभ काढून टाकते. पुढे ऐका. ‘डाव्या हाताने तिने पट्टी दाबली आणि करंगळी हळूच पट्टीवरून खाली उतरवून काचेला टेकवली. सगळे काच कापणारे असंच करतात. मग...’ ”

“थांब थांब,” मुलगा म्हणाला. त्याचं हसू अजून ओसरलं नव्हतं. “हीपण बाबांची थापच ना? करंगळी कशाला टेकवेल कोणी? पट्टी हलेल की. कुणीही असं करत नाही. मी नाही करत.”

“पण मी स्वतः...” सूनबाई म्हणाली आणि थांबली.

तिने वर पाहिलं नाही. तिची नजर पडद्यावरच होती, पण वाचत नव्हती. बुवांच्या डाव्या हाताची करंगळी खुर्चीच्या दांडीवर होती. त्यांनी ती मुठीत घेतली. खोलीत फक्त पंखा फिरत होता, तोही त्यांना आवाजाविना.

“हे बघ,” मुलगा सांगायला लागला. “रेघेचा आवाज ऐकायचा असतो. करंगळीचं काही कामच नाही. तुझी बाई ऐकत का नाहीये?”

“कारण तिला ऐकू येत नाही,” सूनबाई म्हणाली.

“कुणाला?”

“माझ्या बाईला. बारीक आवाज ऐकू येत नाहीत तिला आता. म्हणून करंगळी. ते पुढच्या पानावर आहे. तू मध्येच बोललास.”

मुलगा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. “मग ‘सगळे असंच करतात’ असं कशाला लिहिलंस? ‘ती एकटीच असं करते,’ असं लिही. तेव्हा कुठे खरं वाटेल.”

“हो,” ती म्हणाली. “तसंच लिहिते.”

पुढचं पान तिने वाचलंच नाही. डोकं दुखतंय म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

बुवा संध्याकाळभर त्या मिटलेल्या लॅपटॉपभोवती घुटमळले. पुढचं पान होतं की नव्हतं? नसेल, तर पोरीला तिथे, त्या क्षणी, सगळ्यांसमोर उमगलं आणि तिने आपल्या अंगावरची चादर ओढून त्यांच्यावर टाकली. असेल, तर तिला आधीपासूनच कळलेलं होतं. मग आज मुद्दाम सगळ्यांसमोर वाचण्यामागे डाव काय? पांघरूण घालत होती, की ओढून काढत होती? दोन्ही बाजूंनी विचार केला, तरी रेघ काही अखंड पडेना.

सोमवारी दुकानात बुवा मुद्दाम लवकर गेले. मुलगा त्यांच्याही आधी आला होता. पहिला ताव टेबलावर आडवा झालेला, खुणा करून तयार. हिरा मात्र टेबलावर बुवांच्या बाजूला ठेवलेला.

मुलगा फिरून त्यांच्या समोर येऊन उभा राहिला. “बाबा, लांबी फार आहे. पट्टी मी धरतो दोन्ही टोकांना. तुम्ही रेघ मारा. तुमचा डावा हात मोकळा राहू दे.”

“मोकळा? कशाला?”

“असू दे मोकळा,” मुलगा म्हणाला आणि पट्टी लावून वाकला. तो खाली बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे, ते दिसत नव्हतं.

बुवांनी हिरा रॉकेलात बुडवला. डावा हात काही वेळ हवेतच राहिला. मग करंगळीच नाही, अख्खा तळवा त्यांनी काचेवर पसरला. थंडगार काच. हिरा चालू झाला आणि त्याबरोबर ती मुंगी चालू झाली, एक नाही, मुंग्यांची रांग, तळव्यातून मनगटात, मनगटातून कोपरात. बुवांनी सवयीने मान वर केली आणि दाराबाहेर बघत रेघ पुरी केली.

त्यांनी विचारलं नव्हतं. तरी मुलाने मान वर केली, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि जरा मोठ्याने सांगितलं, “अखंड आहे, बाबा.”

काच रेघेवर सुटली. दुपारपर्यंत नाचाच्या वर्गाचे सगळे आरसे कापून झाले. काउंटरचा विषय निघाला नाही.

संध्याकाळी सूनबाई ऑफिसातून आली, तशी बुवांनी तिला बाहेरच्या खोलीतच अडवलं. आतल्या दाराकडे पाठ करून ते खुर्चीत बसले.

“काल रात्री तू त्याला काय सांगितलंस?”

“कुणाला?”

“उगाच वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. नवऱ्याला तुझ्या.”

“काहीच नाही, बाबा. शपथ. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत.”

“मी कशाला सांगू? सांगण्यासारखं आहे काय?”

“काहीच नाही,” ती म्हणाली. आणि मग, जरा चाचरत, “माझ्या त्या बाईबद्दल एक विचारू? बोट टेकवल्यावर तिला नेमकं काय जाणवतं? मला माझ्या मनाने लिहिता येईना.”

बुवांनी तिच्याकडे निरखून बघितलं. पुन्हा पाळत? की नुसती लेखिका? तिच्या हातात कागदही नव्हता.

“मुंगी,” ते शेवटी म्हणाले. “मुंगी चालते, म्हणावं तिला.”

ती ओठ हलवून तो शब्द मनाशी म्हणत राहिली. तेवढ्यात आतून बायको आली. दार बुवांच्या पाठीशी होतं, तिथूनच विचारलं असतं तरी चाललं असतं. पण ती खुर्चीला वळसा घालून, टीपॉय ओलांडून, थेट त्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि मग म्हणाली, “चहा टाकू का?”

बुवा तिच्याकडे बघतच राहिले. मग ज्या वाटेने ती चालत आली होती, त्या वाटेकडे. चहाला हो म्हणायचंही त्यांना सुचेना. ती आत गेल्यावर ते सुनेकडे वळले.

“काय गं, तुझी ती बाई,” ते हळूच म्हणाले, “तिच्या घरात हे सगळ्यात आधी कुणाला कळलं?”